एकसष्ट किलो माल

कंपनीचं पत्र आलं तेव्हा वजनकाका पायाची नखं कापत होते. पत्र एकदा वाचून त्यांनी नेलकटर खाली ठेवलं आणि बायकोला हाक मारली. एखाद्या पत्राचा राग आला की काका ते मोठ्याने वाचून दाखवत. मनातल्या मनात वाचून राग पुरेसा येत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

"ऐक. 'आपल्या कंपनीला यंदा तीस वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त एक छोटेखानी इतिहास छापायचा आहे. आपण जुने आहात. सवडीने दोन-चार पानं हलकंफुलकं काहीतरी लिहून द्यावं.' हलकंफुलकं म्हणे. सत्तावीस वर्षं मी तिथे काय फुगे वाटत होतो का?"

"मग नका लिहू," बायको म्हणाली.

"मी नाही तर कोण लिहिणार? त्या धाकट्या मालकाला विमानाचं शेपूट कुठल्या बाजूला असतं ते तरी माहीत आहे का?"

म्हणजे काकांनी लिहायचं ठरवलं होतं. बायकोने तेवढं ओळखलं आणि ती आत निघून गेली.

ही कंपनी म्हणजे दोन विमानं. त्यातलं एक कायम शेडमध्ये पोट उघडून बसलेलं, आणि दुसरं त्याचे सुटे भाग उसने घेऊन उडणारं. वेळापत्रक नाही, हवाई सुंदरी नाही. ज्याला घाई असेल त्याने अख्खं विमान ठरवायचं आणि आसपासच्या कुठल्याही धावपट्टीवर जाऊन उतरायचं. जागा नऊ. अशा लहान विमानात कोण कुठे बसणार हे प्रवाशाच्या मानावर ठरत नाही, वजनावर ठरतं. पुढे जड झालं तर ते नाक वर करत नाही, मागे जड झालं तर नाक खाली करत नाही. म्हणून प्रत्येक प्रवाशाला सामानासकट काट्यावर उभं करायचं, आकडा लोडशीटवर लिहायचा, बेरीज करायची, आणि मग कोणी कुठे बसायचं ते सांगायचं. हे काम सत्तावीस वर्षं काकांनी केलं. त्यांचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं. बाकी सगळे त्यांना वजनकाकाच म्हणत.

माणूस डॉक्टरशी खोटं बोलतो, वकिलाशी खोटं बोलतो, पण वजनाच्या बाबतीत तो स्वतःशीसुद्धा खरं बोलत नाही, हे काकांइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. एका फार मोठ्या साहेबांनी एकदा एक पाय जमिनीवर ठेवून वजन दिलं होतं. काकांनी त्यांना नम्रपणे दुसरा पाय मागितला होता. साहेबांनी तो दिला, आणि वर नोकरी घालवायची धमकीही दिली. काका हलले नाहीत. "सत्तावीस वर्षांत माझ्या हातून एक खोटा आकडा गेला नाही," हे वाक्य ते ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सांगत.

दुसरं वाक्य पुढच्या पाच मिनिटांत येई. "कंपनीच्या पहिल्या उड्डाणात मी स्वतः होतो." हे नुसतं फुशारकीचं वाक्य नव्हतं, त्यावर त्यांचा संसार उभा होता. स्थळ सांगून आलं तेव्हा काकांचं वय बत्तीस होतं आणि डोक्यावरचे केस मोजके. मुलीच्या वडिलांचा चेहरा काही खुलत नव्हता. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, मुलगा विमानातून फिरून आलाय. त्या काळी त्या घरात विमान फक्त कॅलेंडरवर पाहिलेलं. सासऱ्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि होकार देऊन टाकला. मेहुण्यांना मात्र ते तेव्हाही पटलं नव्हतं.

इतिहास लिहायचा आहे हे कळताच वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर खाली आले. हेडमास्तरांना कोणी सल्ला विचारला नव्हता, पण न विचारता दिलेला सल्ला जास्त निःपक्षपाती असतो असं त्यांचं मत होतं.

"सुरुवात पक्ष्यांपासून करा," ते म्हणाले.

"कंपनी तीस वर्षांची आहे, मास्तर."

"म्हणूनच. नुसत्या तीस वर्षांना इतिहास म्हणत नाहीत. पक्षी, पतंग, फुगे, मग तुमची कंपनी. आणि प्रत्येक विधानाला आधार हवा. आधार नसलेल्या इतिहासाला गप्पा म्हणतात."

काकांना पक्ष्यांचा राग आला, पण आधाराचा मुद्दा मनात रुतून बसला. दुसऱ्या दिवशी ते कंपनीच्या ऑफिसात गेले. ज्या कपाटात जुन्या फायली होत्या त्याच्यावर चार वर्षं एसी गळत होता आणि आत आता फायली नव्हत्या, एकसंध लगदा होता. थोरल्या मालकांची पत्रं, कराराचे कागद, उद्घाटनाचे फोटो, सगळं त्यात. शाबूत राहिल्या होत्या फक्त लोडशीट, कारण त्या काकांनी स्वतः प्लॅस्टिकमध्ये बांधून माळ्यावर टाकल्या होत्या. बारा गठ्ठे. रिक्षाला तीन खेपा झाल्या.

आता ज्याच्याकडे वजनांखेरीज कसलाच कागद नाही त्याने आधार देऊन इतिहास लिहायचा म्हटला तर तो कसला होणार? पाच आठवड्यांत काकांनी एकशे बारा पानं लिहिली. 'कंपनीच्या तिसऱ्या वर्षी एका सुप्रसिद्ध गायिकेने आपल्या विमानाने प्रवास केला,' असं एक प्रकरण सुरू होई. 'वजन ब्याऐंशी किलो, पैकी हातातली पर्स सहा.' नगराध्यक्ष निवडणुकीआधी एक्क्याण्णव आणि पाच वर्षांनी एकशे चौदा, हा काकांच्या मते शहराचा राजकीय इतिहास होता. थोरल्या मालकांचं आजारपण त्यांनी एकही भावूक शब्द न वापरता लिहिलं होतं. अठ्ठ्याहत्तर, चौऱ्याहत्तर, सदुसष्ट, अठ्ठावन्न, आणि पुढे नोंद नाही. ते पान लिहिल्यावर त्यांनी त्या दिवसापुरतं पेन बंद करून ठेवलं.

ही बातमी बिल्डिंगमध्ये पसरायला दोन दिवस लागले. शेजारच्या फ्लॅटमधल्या ब्युटीपार्लरवाल्या बाई दार लोटून आत आल्या. त्या अकरा वर्षांपूर्वी नणंदेच्या ऑपरेशनसाठी एकदा विमानाने गेल्या होत्या.

"काका, माझंही लिहिलंय?"

"सगळ्यांचं आहे."

"मग ते खोडा. मी तेव्हा जाड कोट घातला होता."

"कोट दीड किलोचा. तो वजा करूनसुद्धा..."

"काका, भिंतीला कान असतात. आणि तुमच्या घराची भिंत आमच्या पार्लरची आहे."

पाठोपाठ दुसऱ्या मजल्यावरची एक आई येऊन गेली. मुलीला सांगून आलेला मुलगा सात वर्षांपूर्वी या विमानाने फिरला होता आणि तेव्हा त्याचं वजन काय होतं हे तिला खासगीत हवं होतं. तिघांनी आपली नावं गाळायची विनंती केली, एकाने वकिलाचं नाव घेतलं, आणि एका गृहस्थांनी आपलं वजन जरा वाढवून छापण्याची गळ घातली, कारण ते जिमच्या जाहिरातीत 'पूर्वी' म्हणून वापरायचं होतं. खऱ्या आकड्याची एवढी भीती पाहून काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी एकही आकडा बदलला नाही.

धाकट्या मालकांनी हस्तलिखित मधूनमधून उघडून पाहिलं.

"काका, हा इतिहास आहे की भंगारवाल्याची पावती?"

"प्रत्येक ओळीला आधार आहे."

"आधार आहे हो, पण बाबांचं स्वप्न कुठे आहे? पहिलं उड्डाण कुठे आहे? लोकांना सुरुवात वाचायची असते."

हे मात्र खरं होतं. पहिल्या उड्डाणाची लोडशीट बारा गठ्ठ्यांत नव्हती. ती परवान्याच्या वेळी विमान खात्यात जमा झाली होती आणि तिथून परत आलीच नव्हती. काकांना उलट आनंद झाला. इतिहासाचं पहिलं पान आणि त्यावर आपलं नाव, खात्याच्या शिक्क्यासकट. हेडमास्तरांना दाखवायला बरं.

विमान खात्यात तीन नंबरच्या खिडकीवर एक साहेब बसत. त्यांच्यासमोर 'चौकशी' अशी पाटी होती आणि चौकशी केली की ते पाटीकडे असं बघत, जणू ती कोणी खोडी म्हणून लावली आहे.

"जुना कागद कोणालाही दाखवत नाही. तुमचा संबंध काय?"

"तो कागद मीच लिहिलाय."

"मग तुम्हाला त्यात काय आहे ते माहीत असेल. बघायचा कशाला?"

काका हात हलवत परतले. ते चार वेळा गेले. एकदा साहेब जेवायला गेले होते, एकदा कपाटाची किल्ली रजेवर असलेल्या माणसाकडे होती, एकदा अर्ज निळ्या शाईत होता. पाचव्या खेपेला शिक्का मारलेली नक्कल हातात पडली. काकांनी ती तिथल्याच बाकावर बसून उघडली.

प्रवासी: चार. खाली चार नावं. थोरले मालक, एक कंत्राटदार, एक डॉक्टर, एक संपादक. त्याखाली माल: एक नग, एकसष्ट किलो, शेपटीकडचा कप्पा.

काकांनी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

"यात माझं नाव नाही," ते खिडकीशी जाऊन म्हणाले. "कोणीतरी खोडसाळपणा केलाय. ज्याने हा कागद लिहिला त्याला नोकरीवरून काढायला हवं होतं."

"तुम्हीच लिहिलाय म्हणालात ना?"

काकांनी पुन्हा पाहिलं. सहाचं पोट अर्धवट सोडायची सवय सबंध कंपनीत एकाच माणसाला होती. खाली सहीही त्याच माणसाची होती.

मग हळूहळू सगळं आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं. त्या सकाळी कंत्राटदार आणि संपादक, दोघेही भारदस्त, पुढच्या खिडक्या सोडायला तयार नव्हते. विमान नाकाकडे जड झालं. कॅप्टन म्हणाले, शेपटीत साठ किलो टाका. त्यासाठी मागवलेली वाळूची पोती आलीच नव्हती. कॅप्टननी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "तुझं वजन किती?" काका तेव्हा काका नव्हते, चार दिवसांपूर्वी लागलेले कारकून होते. "एकसष्ट," ते म्हणाले. त्या दिवसापुरता परवाना होता फक्त चार प्रवाशांचा आणि थोड्या मालाचा. थोरले मालक पाठीवर थाप मारून म्हणाले, माल म्हणून लिही रे, आणि बस मागे. काकांनी लिहिलं आणि ते मागे बसले. पोस्टाच्या थैल्यांसाठी असते तसल्या जाळीत, गुडघे हनुवटीला लावून. एक खोटी नोंद, आणि तीही स्वतःचीच.

घरी येऊन त्यांनी नक्कल टेबलावर ठेवली. लपवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. बायकोने ती दोनदा वाचली.

"म्हणजे आमच्या बाबांना फसवलंत."

"मी विमानात होतो. कागदावर नव्हतो, एवढंच."

"बाबांनी विमानातून फिरलेला मुलगा म्हणून होकार दिला. सामान म्हणून फिरलेला, असं कोणी सांगितलं नव्हतं." मग ती म्हणाली, "दादाला हे कळता कामा नये."

दादाला ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. फोनवर ते एवढंच म्हणाले की त्यांना पहिल्यापासून पार्सलचाच संशय होता. हेडमास्तरांनी तर नक्कल चष्मा बदलून वाचली आणि फार प्रेमाने सांगितलं, "वाईट वाटून घेऊ नका. कागदाच्या आधारे बोलायचं तर तुम्ही प्रवास केला असं म्हणता येणार नाही. तुमची वाहतूक झाली."

हे वाक्य काकांना फार लागलं. लोक हसले असते तर त्यांनी चार शब्द सुनावले असते. पण हेडमास्तर हसले नव्हते. काका दोन दिवस धड जेवले नाहीत. तीस वर्षं आपण एकच गोष्ट छाती पुढे काढून सांगत आलो आणि ती गोष्ट घडली त्या दिवशी आपणच पुसून टाकली होती, हे त्यांना गिळवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते उठले आणि नोंद दुरुस्त करून मिळावी म्हणून काळ्या शाईत अर्ज केला.

"माल कोणाचा होता?" तीन नंबरच्या साहेबांनी विचारलं.

"माल मीच होतो."

"उतरल्यावर मालाचा ताबा कोणी घेतला?"

"कोणी नाही. मी उतरून चालत बाहेर गेलो."

"म्हणजे बेवारस." साहेबांनी तसं लिहून घेतलं. "साक्षीदार लागेल. त्या वेळी विमानात हजर असलेला."

थोरले मालक गेले होते. कंत्राटदारही वर गेले होते, या वेळी विमानाशिवाय. डॉक्टर परदेशी मुलाकडे, आणि संपादकांना आता स्वतःचं वर्तमानपत्रही आठवत नव्हतं. उरले कॅप्टन. ते गावाबाहेरच्या एका घरात राहत आणि निवृत्तीनंतर हौसेने लोकांचे मिक्सर दुरुस्त करत. काकांनी सगळं सांगितलं तोवर त्यांनी एक मिक्सर पूर्ण खोलला.

"आठवतंय ना मी मागे होतो ते?"

"कोण होतं ते नाही सांगता येणार. मागे वळून बघायला मला वेळ कुठे होता? पण काहीतरी जिवंत होतं, हे नक्की."

"कशावरून?"

"उडाल्यापासून उतरेपर्यंत ओकत होतं. माल ओकत नाही."

काकांचा चेहरा लाल झाला. ही गोष्ट त्यांनी सासऱ्यांना सांगितली नव्हती, बायकोला सांगितली नव्हती, आणि खरं तर स्वतःलाही विसरायला लावली होती. "हे जबाबात लिहायलाच हवं का?"

"मला तेवढंच माहीत आहे. तुम्हाला माल राहायचं असेल तर नाही लिहीत."

काकांनी मिक्सरच्या पात्यांकडे बघत बराच विचार केला. मग म्हणाले, "लिहा." कॅप्टननी लिहिलं आणि ठसठशीत सही केली.

दीड महिन्याने खात्याचं पाकीट आलं. आत दोन कागद होते. पहिल्यात लिहिलं होतं की सदर लोडशीटवर प्रवासी चारऐवजी पाच वाचावेत. पाचव्या इसमाची ओळख पटत नाही, मात्र तो जिवंत होता व सतत ओकत होता, असं कॅप्टनच्या जबाबावरून दिसतं. काकांनी तो कागद हातात घट्ट धरला. इसम. नाव नाही, गाव नाही, नुसता ओकणारा इसम.

दुसरा कागद ठपक्याचा होता. वैमानिकाच्या जबाबामुळे ती नोंद खोटी ठरली होती, तेव्हा खोटी नोंद करणाऱ्याला सोडता येत नव्हतं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत ज्यांना साधी ताकीद मिळाली नव्हती त्या काकांना निवृत्तीनंतर तीन वर्षांनी ठपका मिळाला होता.

त्या संध्याकाळी काकांनी अपील लिहायला घेतलं. ते असं तापले होते की पहिली दोन पानं नुसत्या विशेषणांची झाली. मी प्रवासी आहे म्हणून सांगायला गेलो तर ओकणारा अनोळखी इसम, आणि शिक्षा देताना मात्र खात्याला माझं नाव बरोबर सापडतं. हा कुठला न्याय? चौथ्या पानावर त्यांनी मागणी केली की ठपका संपूर्ण रद्द करण्यात यावा आणि त्यातलं प्रत्येक विधान मागे घेण्यात यावं. मग राग पुरेसा यावा म्हणून ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं.

बायकोने ऐकून घेतलं. मग तिने ठपक्याचा कागद उचलला आणि तो स्वतःशी वाचू लागली, सावकाश, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून.

"तुम्ही हा नीट वाचलात का?"

"तीन ओळी वाचल्या. पुढचं वाचवलं नाही."

"मग अपील पाठवू नका. जिंकलात तर पुन्हा सामान व्हाल."

तिने फोन उचलला आणि भावाचा नंबर लावला. काका नको नको म्हणत राहिले, पण तिने ऐकलं नाही.

"दादा, जरा बस, आणि मध्ये बोलू नकोस. सरकारी कागद आहे, शिक्का आहे. वाचते." तिने चष्मा सारखा केला. मग काकांचं पूर्ण नाव वाचलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. तीस वर्षांत ते नाव या घरात एवढ्या मोठ्याने कोणी उच्चारलं नव्हतं. "'कंपनीच्या पहिल्या उड्डाणाच्या वेळी सदर कर्मचारी स्वतः विमानात हजर असताना त्याने स्वतःची नोंद माल म्हणून केली, ही बाब अत्यंत गंभीर आहे.' ऐकलंस ना? स्वतः. विमानात. हजर. आपले बाबा फसले नव्हते."

पलीकडून दादांनी शिक्का कुठल्या खात्याचा आहे एवढंच विचारलं.

काकांनी अपिलाची चार पानं हळूच एकमेकांवर ठेवली, मधोमध दुमडली आणि खिशात घातली. उद्या छापखान्यात जायचं होतं. धाकट्या मालकांना सांगायचं होतं की एकशे बारा पानं हवी तर गाळा, सगळ्यांची वजनं गाळा, पण पहिल्या पानावर हा ठपका जसाच्या तसा छापा, एकही शब्द न बदलता.

"अगं," ते म्हणाले, आणि फोनच्या जवळ सरकले. "तो हजर असतानाचा भाग त्यांना पुन्हा एकदा वाचून दाखव."